त्रेसष्ट किलोंचा हिशेब

चाकणच्या एका कारखान्यात मी गेली कित्येक वर्षं इन्स्पेक्शनमध्ये आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते ड्रॉइंगबरहुकूम आहेत की नाहीत ते बघायचं आणि नसतील तर लाल डबा दाखवायचा, हे माझं काम. मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज ही रोजची हत्यारं. त्यामुळे कंपनीच्या नोटीस बोर्डावर ‘मधुमेहाचं निदान न झालेल्या, मध्यमवयीन व्यक्ती संशोधनासाठी हव्या आहेत’ असा कागद लागला, तेव्हा माझी नजर त्यातल्या ‘शरीररचनेचे तपशीलवार मोजमाप’ या शब्दांवर अडकली. म्हटलं, बघू तरी माणूस कसा मोजतात.

दुसरं कारण घरातलं. आईला साखर होती, आणि आई अंगानं अगदी काटकुळी. “एवढ्याशा बाईला कुठून आली गं साखर?” हा प्रश्न प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारायचंच. साखर जाड्या माणसांना होते यावर आमच्या सगळ्या भावकीचा ठाम विश्वास. मी त्याच वळणाचा: उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६३ किलोच्या आसपास, हातपाय काड्या. लग्नातला कोट अजून खांद्यात बसतो. पोटावरचं बटण लागत नाही, पण ते वयानं होतंच असं मी धरून चाललो होतो.

पहिली भेट नुसती कागदपत्रांची. पुण्यातल्या त्या संशोधन केंद्रात समन्वयक मॅडमनी मराठीतलं माहितीपत्रक हातात दिलं आणि घाई करू नका म्हणाल्या. किती रक्त काढणार, कशासाठी, त्याचं पुढे काय होणार, एक्स-रेचा डोस किती, नाव काढून त्या जागी कोड कसा टाकणार, हे सगळं त्यात होतं. कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येईल ही ओळ ठळक टाइपात. शेवटी नैतिकता समितीचा फोन नंबर. प्रत्येक पानावर सही, आणि एक प्रत माझ्याकडे. शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, गोळी कधी सुरू करणार?”

“काका, गोळी नाही देणार आम्ही. मोजणार, आणि काही वर्षांनी पुन्हा बोलावून मोजणार.”

“फक्त मोजणार?”

“हो.”

काका पिशवी उचलून निघून गेले. मला मात्र हे ऐकून बरं वाटलं. आमच्या खात्यालाही लोक असंच म्हणतात, तुम्ही काय, फक्त मोजता.

मी दोन गोष्टी विचारून घेतल्या. रिपोर्ट कंपनीला कळणार का? नाही. आणि रक्तातला काही भाग डीएनएसाठी ठेवणार आहात, तर त्याचा निकाल मला मिळेल का? तोही नाही. मॅडमचं स्पष्टीकरण सरळ होतं: टाइप-२ मधुमेहात एकेका जनुकाचा हिस्सा फार किरकोळ असतो, हजारो माणसांची बेरीज केली तरच काही दिसतं, एकट्याला सांगून त्याच्या हाती काही लागत नाही. डीएनएसाठी वेगळा चौकोन होता, हो किंवा नाही. मी थोडा विचार करून ‘हो’वर खूण केली.

मग सूचना. आदल्या तीन दिवसांत जेवण नेहमीचंच ठेवायचं. चाचणी आहे म्हणून भात-पोळी तोडायची नाही, कारण पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की ग्लुकोज पाजल्यावर साखर उलट जास्त चढू शकते. रात्री साडेनऊनंतर फक्त पाणी. मला दिलेली तारीख त्यांनी कॅलेंडर बघून बदलली, कारण ती नेमकी संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी येत होती. “उपवासाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कुणालाच घेत नाही,” मॅडम म्हणाल्या. परदेशी प्रोटोकॉलमध्ये संकष्टी कुठून असणार. ही ओळ इथे कुणीतरी अनुभवानं घातलेली.

सकाळी सव्वासातला मी हजर. आधी दंडात एक छोटी प्लास्टिकची नळी बसवली, म्हणजे दर वेळी नवी सुई टोचायला नको. नमुने वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत गेले: पिवळं टोपण सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी), जांभळं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आणि रक्तपेशींसाठी, राखाडी ग्लुकोजसाठी. टेक्निशियन मुलगी तरुण होती, पण हाताला वळण पक्कं. प्रत्येक नळी भरली की ती हलक्या हातानं उलटसुलट करायची, हलवायची मात्र नाही. राखाडी टोपणाची नळी तिनं लगेच बर्फात रोवली आणि घड्याळाकडे बघून वेळ लिहिली.

“हीच का बर्फात?”

“सर, रक्त बाहेर काढलं तरी पेशी जिवंत असतात. त्या नळीतली साखर खात बसतात. नुसतं ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के कमी होते.”

“मग या नळीत औषध असतं ना?”

“फ्लोराइड असतं. पण ते साखर खाणं एकदम थांबवत नाही, तासभर तरी जातो. म्हणून बर्फ, आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या.”

हे ऐकून मी मनातल्या मनात मागच्या वर्षाचा हिशेब मांडला. एका खासगी लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं होतं. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा, एप्रिल महिना, बाइकला लटकवलेली बॅग, आणि माझ्यानंतर त्याला अजून कितीतरी घरं. उपाशीपोटीची साखर आली होती ९२, शेजारी हिरवा ठिपका. ते ९२ खरंच ९२ होतं की १०० चं उतरून ९२ झालं होतं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्या रिपोर्टात पासष्टच्या वर चाचण्या होत्या. नळी किती वाजता भरली आणि किती वाजता फिरवली, ही एक नोंद सोडून सगळं होतं.

उपाशीपोटीचं रक्त झाल्यावर ग्लुकोज. ७५ ग्रॅम, तीनशे मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. ज्यांनी प्यायलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहिल्या घोटाला स्टॉपवॉच सुरू झालं. तिथून अर्ध्या तासानं एक नमुना आणि दोन तासांनी दुसरा. मधल्या वेळात चालायचं नाही, चहा नाही, सिगरेट नाही. जिना चढून आलं तरी स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो, म्हणून बाथरूमसुद्धा त्याच मजल्यावर.

त्या दोन तासांत आहारतज्ज्ञ बाईंनी माझा ताबा घेतला. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं? टेबलावर तीन आकारांच्या वाट्या, चमचे, आणि पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. पोळी यातली कुठली? माझी पोळी मधल्या आणि मोठ्या चकतीच्या बरोबर मध्ये. भाजीला तेल किती, हे मला कुठलं ठाऊक. त्यांनी प्रश्न फिरवला: महिन्याला घरात तेल किती लिटर येतं, माणसं किती जेवतात, पाहुणे किती? हे उत्तर मला देता आलं, कारण तेलाचा डबा आणतो मीच. फरसाण मी आधी सांगितलंच नव्हतं. “चहाबरोबर काही?” असं विचारल्यावर ते बाहेर आलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. चहाबरोबरचं खाणं हे खाणं आहे असं आपल्याकडे कुणी धरतच नाही, म्हणून हा प्रश्न त्या वेगळा विचारतात. माझ्या मते सबंध अभ्यासातलं सगळ्यात डगमगतं मोजमाप हेच, आणि ते करणाऱ्या बाईंनाही ते माहीत होतं. म्हणून तर त्या एका दिवसावर भागवत नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी फोन करून पुन्हा सगळं विचारलं.

मग ज्याच्यासाठी आलो होतो ते. मोजमापाची खोली लहान, पडदा लावलेली, पंखा बंद. योगायोगानं त्या दिवशी त्यांची गुणवत्ता तपासणी होती. ठरावीक दिवशी एकाच माणसाला दोन वेगवेगळे निरीक्षक मोजतात, एकमेकांचा आकडा न बघता. आमच्याकडे याला गेज आर अँड आर म्हणतात: एकच पीस, एकच गेज, दोन-तीन ऑपरेटर, प्रत्येकानं पुन्हा पुन्हा मोजायचं, आणि आकड्यातला फरक पिसामुळे किती आणि मोजणाऱ्यामुळे किती ते काढायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, तीसच्या वर असेल तर ती मोजमाप-पद्धत कचऱ्यात. मी त्यांना तसं बोलून दाखवल्यावर दोघीही हसल्या. त्यांच्याकडेही तोच हिशेब, नाव फक्त वेगळं.

कमरेचा घेर मोजायची कृती मी पहिल्यांदाच नीट पाहिली. शिंपी बेंबीवरून टेप फिरवतो. इथे आधी बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधली, तिथे पेननं खूण. मग कटीच्या हाडाची वरची कड, तिथे खूण. दोन्हींच्या मध्यावर तिसरी खूण, आणि टेप त्या उंचीवर. टेप आडवी आहे ना, हे मागून आरशात बघितलं. दोन्ही हात छातीवर, श्वास सहज सोडायचा, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी आकडा वाचायचा. “सर, पोट आत घेऊ नका,” हे तिला तीनदा सांगावं लागलं. मी मुद्दाम घेत नव्हतो. परकं माणूस टेप घेऊन समोर उभं राहिलं की ते आपोआप आत जातं. म्हणून ती मध्येच विचारायची, मुलं काय करतात, गाव कुठलं. उत्तर देताना पोट आपल्या जागेवर येतं आणि ती श्वास संपल्यावर आकडा टिपते. कुठल्याही ड्रॉइंगवर ही युक्ती लिहिलेली नसते.

पहिलीचा आकडा ८९.७. दुसरीनं जुन्या खुणा पुसून, नव्यानं बरगडी शोधून मोजलं: ९०.४. सात मिलिमीटरचा फरक. आमच्याकडे सात मिलिमीटर म्हणजे चौकशी समिती. इथे हा फरक चालण्यासारखा मानतात, आणि विचार केल्यावर मलाही ते पटलं. श्वास घेणारा, बोलणारा, मऊ पीस. त्याला शून्य दशांश शून्य दोनची अपेक्षा कशी करायची.

कातडीखालची चरबी मोजायचं कॅलिपर मात्र बघताक्षणी आवडलं. डाव्या दंडाच्या मागे, पुढे, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली आणि कमरेच्या वर अशा चार जागा. चिमटीत कातडी उचलायची, स्नायू सोडून द्यायचा, आणि कॅलिपरचे जबडे लावून ठरावीक सेकंदांनी डायल वाचायची. जबडे कितीही उघडले तरी दाब सारखाच राहतो, दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम. वेळ का ठरावीक, तर दाबाखाली चरबी हळूहळू चपटी होत जाते आणि काटा सरकतच राहतो. दंडाला माझा आकडा अगदीच मामुली. पाठीवरचा वाचून तिनं पुन्हा एकदा मोजलं. काही बोलली नाही, फक्त लिहिलं.

रक्तदाबाचं थोडक्यात सांगतो: पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा निवडून. तीनदा मोजला, पहिला आकडा बाजूला ठेवला, उरलेल्या दोघांची सरासरी घेतली. पहिला सर्वांत जास्त होता. तो बहुतेकांचा जास्तच येतो.

शेवटी डेक्सा. घड्याळ, पट्टा, गळ्यातली चेन काढून एका लांब टेबलावर निजायचं. वरून एक हात सावकाश सरकत जातो, दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे सोडत. हाड, चरबी आणि बाकीचं मांस ही तिन्ही किरणांना वेगवेगळी अडवतात, त्यावरून प्रत्येकाचं वजन काढतात. किरणांचा डोस इतका थोडा की आपल्याला निसर्गातून एका दिवसात साधारण तेवढा मिळतोच. मी विचारायच्या आतच तंत्रज्ञानं कोपऱ्यातला एक पांढरा ठोकळा दाखवला. रोज सकाळी पहिल्या माणसाच्या आधी तो मशीनखाली जातो. त्याची घनता ठाऊक आहे, मशीननं तीच सांगितली पाहिजे. त्याला फँटम म्हणतात. म्हणजे आमचा मास्टर पीस.

रक्ताचे नमुने जिकडे गेले ती प्रयोगशाळा मला काचेबाहेरून बघू दिली, आणि तिथे भिंतीवर जे लटकलेलं होतं ते बघून मी थबकलोच. मधली रेघ सरासरीची, वर-खाली एक, दोन आणि तीन प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्या मापाच्या) रेघा, आणि रोजचा एक ठिपका. आमच्या लाइनवर हाच तक्ता लागतो! तिथल्या बाईंनी सांगितलं, याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात. अमेरिकेत १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत आणला. पण मूळ कल्पना त्याआधीच्या वॉल्टर श्युहार्टची, १९२४ ची, आणि श्युहार्ट टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यासाठी काम करायचा. म्हणजे ही विद्या शॉप फ्लोअरवरून दवाखान्यात गेलेली. मला उगीचच अभिमान वाटला, जणू काही श्युहार्ट चाकणचाच.

रोज सकाळी माहीत असलेल्या मूल्याचं नियंत्रण-द्रव्य यंत्रात घालतात. ठिपका तीन विचलनांच्या बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन विचलनांच्या पलीकडे गेले, तर त्या दिवशीचे निकाल थांबवायचे आणि कारण शोधायचं. मी त्या महिन्याचा तक्ता निरखून पाहिला. मधल्या एका आठवड्यात ठिपके सगळे रेघेच्या वरच्या अंगाला सरकलेले होते, मर्यादेत असले तरी. “इथे काय झालं?” “रसायनाची नवी बॅच उघडली,” त्या म्हणाल्या आणि खालची हातानं लिहिलेली नोंद दाखवली. मागच्या वर्षीच्या लॅबचा असा तक्ता बघायला मिळाला असता तर मी त्यांचं पॅकेज आनंदानं पुन्हा घेतलं असतं.

उरलेलं सीरम छोट्या कुप्यांत विभागून, बारकोड लावून, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. वीज गेली तर जनरेटर, आणि तापमान वर सरकलं तर रात्री-अपरात्री कुणाच्या तरी मोबाइलवर अलार्म. दहा वर्षांनी एखादं नवं मोजमाप निघालं तर माझं आजचं रक्त तिथे असेल. हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

काही दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बोलावलं, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः वेळ दिला. आधी डेक्साचा कागद. माझ्या ६३.२ किलोंत चरबी १७.९ किलो, हाडं साधारण सव्वादोन किलो, बाकी मांस, रक्त, पाणी. म्हणजे चरबी २८ टक्क्यांच्या वर, आणि बहुतेक सगळी धडात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, मात्र २२.४, भारतीयांसाठीच्या २३ च्या मर्यादेखालीच. कुठल्याही तक्त्यात मी ‘योग्य वजनाचा’ म्हणून पास.

“तुम्ही एकटे नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला पुण्याचीच एक गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून जास्त फरक. आणि हा फरक जन्मापासूनचा. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पुण्याची बाळं पोटाला, दंडाला, सगळीकडे लहान. पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. बारीक, तरी चरबीदार. मला माझ्या पाठीवर पुन्हा लावलेलं ते कॅलिपर आठवलं, आणि आईची पाठही. इतकी वर्षं लग्नकार्यांत जो प्रश्न फिरत होता त्याचं उत्तर असं एका कागदावर मिळालं.

मग साखर. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १५१, एचबीए१सी ५.८. मी अर्थातच मर्यादा विचारल्या. उपाशीपोटीच्या साखरेला अमेरिकन मधुमेह संघटना १०० पासून ‘मधुमेहपूर्व’ म्हणते, जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. म्हणजे माझा १०४ एका ड्रॉइंगप्रमाणे नापास, दुसऱ्याप्रमाणे पास. दोन तासांच्या आकड्याला मात्र दोघांचंही १४० वर एकमत, आणि तिथे मी पलीकडे. “भारतात तुमच्यासारखे किती असतील?” या प्रश्नाला उत्तर तयार होतं: आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह-सर्वेक्षणाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार मधुमेह असलेले १० कोटी १० लाख, आणि मधुमेहपूर्व अवस्थेत असलेले १३ कोटी ६० लाख.

धोक्याचा आकडा काढायची वेळ आली तेव्हा माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं २००५ साली भारतीयांसाठी एक गुणपत्रक तयार केलं आहे. चारच प्रश्न: वय, कंबर, व्यायाम, आईवडिलांचा मधुमेह. शंभरपैकी साठ किंवा त्याहून जास्त झाले तर धोका जास्त. माझं वय ४७, त्याचे २०. हालचाल बेताची, २०. आईला मधुमेह, १०. झाले पन्नास. आता कंबर: पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत शून्य, नव्वदपासून ९९ पर्यंत १०. आणि माझी कंबर एकीच्या हाती ८९.७, दुसरीच्या हाती ९०.४! एकीप्रमाणे मी मध्यम धोक्याचा, दुसरीप्रमाणे ६० गुण घेऊन जास्त धोक्याचा. सात मिलिमीटरमध्ये १० गुण.

“हे कसं चालतं?” मी विचारलं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. म्हणाले, हे गुणपत्रक गावात, चौकात, रक्त न काढता शंभर माणसांतली कुठली तीस-चाळीस आधी तपासायची हे ठरवण्यासाठी आहे. तिथे काठावरचे दोन-चार इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही. तुमचं रक्त तपासून झालंय, मग ते गुण आता कशाला मोजता? आणि धोका या गोष्टीचंच तसं आहे, ते पुढे म्हणाले. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ माणसं घेऊन त्यांना वर्षानुवर्षं मोजत राहिले, कुणाला हृदयविकार होतो ते पाहत राहिले, आणि त्यातून हे सगळं शास्त्र उभं राहिलं. तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी पुढच्या काही वर्षांत किती जणांना होईल, हे सांगता येतं. त्या शंभरांत तुम्ही कुठे, हे नाही सांगता येत. मला हे उत्तर आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही. आम्हीसुद्धा लॉटमधले काही पीस काढून लॉट पास करतो. पुढे कुठला पीस रस्त्यावर तुटेल हे कुणी विचारलं तर आम्ही काय सांगणार.

घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, “म्हणजे साखर आहे की नाही?” मी म्हटलं, “अजून नाही, पण नाही असंही नाही.” ती म्हणाली, “एवढं मोजून हेच?” फरसाणाचा डबा दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवर गेला. संध्याकाळी मी सोसायटीच्या मागच्या टेकडीवर जायला लागलो. भाताबरोबर वरण दुप्पट आणि भात अर्धा, हा आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला घरात सगळ्यांनाच लागू झाला. मुलगा अजून कुरकुर करतो.

काही आठवड्यांनी माझ्या आग्रहावरून त्यांनी ग्लुकोजची चाचणी पुन्हा केली. या खेपेला दोन तासांचा आकडा १३४. मी खूश. बरा झालो म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले थांबा. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात काही जणांची हीच चाचणी थोड्याच दिवसांत पुन्हा केली, तेव्हा एकाच माणसाच्या दोन तासांच्या आकड्यात सुमारे १७ टक्क्यांची चढउतार दिसली होती. उपाशीपोटीच्या साखरेत सहाच्या आत, एचबीए१सीमध्ये चारच्या आत. तेव्हा १५१ आणि १३४ यांच्यातला फरक टेकडीचा किती आणि नुसता त्या दिवसाचा किती, हे दोन आकड्यांवरून ठरत नाही. टेकडी सोडू नका, असं मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

“मग अभ्यासात माझा कुठला आकडा धरणार? चांगला धरा ना.”

“पहिला. १५१. हा दुसरा तुमच्या फायलीत राहील, अभ्यासात जाणार नाही.”

मी तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. लॉटमधले फक्त नापास पीस पुन्हा मोजायला घेतले, तर त्यातले काही नुसत्या चढउतारीनं पास होणारच. आणि जे पास झाले होते त्यांना कुणी पुन्हा मोजतच नाही, म्हणून त्यांतले नापास होणारे कधी सापडत नाहीत. सरासरी आपोआप गोड दिसायला लागते. आमच्याकडे सुपरवायझरनं असं पुन्हा मोजायला लावलं की मी भांडतो. मोजायचं तर सगळ्यांना पुन्हा मोजा. माझा १५१ तिथेच राहू दे म्हणालो.

पुढच्या फेरीत ते खरंच सगळ्यांना मोजणार आहेत. तारीख दिवाळीच्या आधीची धरली आहे. समन्वयक मॅडमचं म्हणणं, फराळ झाल्यावर महिनाभर लोक फोन उचलत नाहीत, आणि उचललाच तर आधी विचारतात, वजन करणार आहात का.